काळ्या चौकोनाची हजेरी

"मॅडम, जो बोलला नाही तो आला नाही. साधा नियम आहे," आमचे केंद्रप्रमुख फोनवर म्हणाले. मी तेव्हा पोळ्या लाटत होते. लाटणं बाजूला ठेवून मी म्हटलं, "मग सर, तुमच्या दर महिन्याच्या बैठकीला मी आजवर आलेलीच नाही म्हणायची." ते हसले नाहीत. तव्यावरची पोळी मात्र करपली.

फोन एका विद्यार्थिनीबद्दल होता. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. जांभूळ गावातल्या एका शेतकरी घरातली सून, एका लेकराची आई. रविवारच्या ऑनलाइन चर्चेत तिचा आवाज एकदाही आलेला नव्हता, म्हणून तिला परीक्षेला बसू देता येणार नाही, असं ते सांगत होते. ती गरोदर आहे हे मला माहीत होतं. परीक्षा उरकली की तिचं दुसरं बाळंतपण. दोन लेकरं पदरात आल्यावर अर्धवट राहिलेली बी.ए. पुरी करायला परत कोण येतं? मी इतक्या वर्षांत एकही बाई पाहिलेली नाही. म्हणून मी सरांना म्हटलं, "थांबा जरा, मला बघू द्या." नाव काढायचं झालं तर माझ्याशी भांडून काढा, असंही म्हटलं. भांडण म्हटलं की आमचे सर दोन पावलं मागे सरतात, हा अनुभव होता.

आमचं केंद्र म्हणजे बाहेरून शिकणाऱ्यांचं अभ्यासकेंद्र. ते उल्हासनगरला, मी बदलापूरला, आणि विद्यार्थी अंबरनाथपासून पार वांगणीपर्यंत विखुरलेले. दुकान, कंपनी, शेती, लेकरं सांभाळून शिकणारी माणसं. माझ्या पदाचं नाव 'संमंत्रक' असं भारदस्त आहे. काम एवढंच, की शिकवायचं कमी आणि चर्चा घडवून आणायची जास्त. पूर्वी हे वर्गात बाकांवर बसून व्हायचं, आता ते बरंचसं मोबाइलवर होतं.

चर्चेला हजेरी असते. आणि हजेरी म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये स्वतःच्या आवाजात निदान एक मुद्दा. नियम उगाच झालेला नाही. लोक मीटिंग लावून मोबाइल उशाशी ठेवतात आणि ताणून देतात. कुटुंबसंस्थेवरचा एक अख्खा तास आम्ही कुणाच्या तरी घोरण्याच्या साथीवर पार पाडलेला आहे. तेव्हा नियम चुकीचा होता असं मी कधीच म्हणणार नाही. पण नियम करणाऱ्यानं गप्प माणूस म्हणजे झोपलेला माणूस असं धरलं होतं, तिथे माझं आणि त्याचं बिनसलं.

चर्चा कशी घडवायची याचं आम्हाला रीतसर प्रशिक्षण मिळालं होतं. सुरुवातीला प्रत्येकाला त्याचा आवडता प्राणी विचारा, म्हणजे मोकळेपणा येतो, असं त्यात होतं. मी विचारलं. जांभूळचेच एक वयस्क विद्यार्थी, आमचे काका, म्हणाले, "म्हैस. दूध देते." उल्हासनगरच्या भाभी म्हणाल्या, "मॅडम, दुकान में चूहे हैं, वो ही बस है." एवढ्यावर प्राणी संपले. मोकळेपणा आला तो त्या हसण्यामुळे.

या भाभी सिंधी. कपड्यांच्या दुकानात गल्ल्याशेजारी स्टुलावर बसून त्या चर्चेला यायच्या. मध्येच गिऱ्हाईक आलं की आम्हालाच "दो मिनट साईं" म्हणून थांबवायच्या. मुलाला शाळेत मराठी आहे आणि घरात कुणाला येत नाही, म्हणून हट्टानं त्यांनी मराठी माध्यम घेतलेलं. त्यांची एक खोड मला फार उशिरा कळली. कुणीही काहीही बोललं, की भाभी म्हणायच्या, "हां हां, बिल्कुल बरोबर," आणि मग 'लेकिन' म्हणून त्याच्या बरोब्बर उलट बोलायच्या. दुकानदाराला गिऱ्हाइकाला तोंडावर नाही म्हणता येत नाही. आधी होकार, मग भाव. पण प्रशिक्षणवाल्यांच्या हिशेबी भाभी सगळ्यांशी सहमत होत्या.

दुसरा एक मशीन ऑपरेटर. गाव सोलापूरकडचं, नोकरी अंबरनाथला आनंदनगरच्या एमआयडीसीत. कंपनीत मोबाइल चालत नाही, म्हणून गेटबाहेर मोटारसायकलवर बसून तो यायचा. त्याला नाव घेऊन विचारल्याशिवाय तो तोंड उघडायचा नाही. मोठी माणसं बोलत असताना मध्ये कसं बोलायचं, हे त्याचं म्हणणं. आणि त्याच्या हिशेबी वर्गातले सगळेच मोठे होते. मग त्याला नाव घेऊन विचारायचं काम मी माझ्याकडे घेतलं.

आणि हे काका. पाणीपुरवठ्याच्या कामावर नोकरी झाली, निवृत्त झाले, आणि राहिलेलं शिक्षण पुरं करायला आमच्याकडे आले. येताना सुनेलाही घेऊन आले. "मी एकटाच काय म्हणून शिकू? सूनबाई बारावीला चांगल्या मार्कांनी पास झालीय," असं म्हणून तिचा प्रवेश त्यांनी स्वतः रांगेत उभं राहून घेतला होता. असा सासरा किती जणींना मिळतो? मला काका आवडायचे. चर्चेत तर ते आमचा हुकमी एक्का होते. बोलताना 'मी' म्हणायचे नाहीत, 'आमचं म्हणणं' म्हणायचे. आधी "एक मिनिट हं" म्हणून माईक बंद करायचे, थोड्या वेळानं परत यायचे आणि असं काही बोलायचे की मी पेन खाली ठेवायची. एकदा एकत्र कुटुंबाच्या फायद्यांवर सगळे पुस्तकातलं बोलून झाले, तेव्हा काका म्हणाले, "आमचं म्हणणं, एकत्र घरात चूल एक असते, पण पाठ जिची तिचीच दुखते." मला वाटलं, हा माणूस आयुष्यभर पाण्याच्या पंपापाशी उभा राहिला, याला बाईची पाठ कुठून कळली?

सूनबाई, जिच्याबद्दल सरांचा फोन आला होता ती, म्हणजे पडद्यावर एक काळा चौकोन. कॅमेरा बंद, माईक बंद. वेळेवर यायची, शेवटपर्यंत असायची, एक शब्द बोलायची नाही.

सरांच्या फोननंतरच्या रविवारी काकांनी तोंड उघडलं नाही. विषय बायकांच्या कामाच्या वाटणीचा होता, म्हणजे त्यांचा हातखंडा. मी दोनदा विचारलं. शेवटी ते म्हणाले, "आज आमचेकडनं काय नाय मॅडम."

"का हो काका? बरं नाही का?"

"ही घरात नाय. वांगणीला भावाकडं हळदीला गेलीय."

सगळे हसले. ऑपरेटरसुद्धा न विचारता बोलला, "म्हणजे काकूच सांगत्यात व्हय सगळं?"

"ती काय सांगते!" काका वैतागून म्हणाले. "ती नुसती आणून देते. सांगते ती सूनबाई."

हसणं जागच्या जागी थांबलं. मग माझ्या ध्यानात आलं ते 'एक मिनिट हं'. सून स्वयंपाकघरात कानाला मोबाइल लावून ऐकायची. मुद्दा सुचला की सासूला सांगायची. सासू पदराला हात पुसत ओटीवर यायची आणि नवऱ्याच्या कानात टाकायची. आणि काका ते आम्हाला सांगायचे, 'आमचं म्हणणं' म्हणून. त्यात त्यांनी काही लपवलं नव्हतं. घरातून आलं ते घराचं, असं साधं गणित. कुणी विचारलं असतं तर त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

"तो काका, बहू खुद क्यूं नहीं बोलती?" भाभींनी विचारलं.

"माझेसमोर कशी बोलंल ती?" काकांना प्रश्नच कळला नाही. "आमच्यात सून सासऱ्याशी थेट नाय बोलत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तास संपल्या संपल्या मी त्या काळ्या चौकोनाला फोन लावला. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. भारदस्त, शांत आवाज. मी तिला काय काय म्हणाले ते आता लिहीत बसत नाही. कोणत्या जमान्यात राहतेस वगैरे जे कुणीही म्हणेल तेच म्हणाले. परीक्षेचं सांगितलं. येत्या रविवारी माईक उघड आणि बोल, असा जवळजवळ हुकूम सोडला.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, मी स्कूटी घेऊन बदलापूरला जाते, बँकेचं बघते, मजूर बोलावते. घरात माझ्या शब्दाशिवाय पेरणीचं बियाणं येत नाय. फक्त बाबांशी थेट बोलत नाय. लग्न होऊन आले तेव्हापासनं तसंच हाय. माझं बोलणं त्यांच्यापाशी पोचतं, तुमच्यापाशीपण पोचलं. तुम्ही ते वहीत लिहून घेतलंत. मग मी बोलले नाय असं कसं?"

मी म्हटलं, "रेकॉर्डिंगमध्ये तुझा आवाज लागतो."

"बोलेन मी बाबांसमोर कधीतरी," ती म्हणाली. "माझ्या मनात येईल तेव्हा बोलेन. हजेरीसाठी नाय बोलणार."

मी फोन ठेवला आणि खूप वेळ चिडून बसले. आधी तिच्यावर. मग हळूहळू माझ्या ध्यानात आलं की मी तिच्यावर चिडलेलेच नव्हते, मला तिचा हेवा वाटत होता. सासऱ्यानं गप्प राहायला सांगितलं म्हणून ती गप्प नव्हती आणि केंद्रानं बोलायला सांगितलं म्हणून ती बोलणार नव्हती. आयुष्यभर मी स्वतःला बंडखोर म्हणवून घेतलं, पण इतकं सरळ 'नाही' मला कधी जमलं नाही. माझं 'नाही' नेहमी आरडाओरडा करत येतं.

दुसऱ्या दिवशी मी पदर खोचून उल्हासनगरला केंद्रावर गेले. सरांना सगळं सांगितलं. तिच्यासाठी वेगळी मीटिंग लावू द्या म्हटलं, तर एकालाच वेगळी वागणूक देता येत नाही म्हणाले. फक्त बायकांची लावते म्हटलं, तर वेळापत्रकात नाही म्हणाले. तिचे मुद्दे माझ्या वहीत आहेत म्हटलं, तर वहीला आवाज नसतो म्हणाले. सर दुष्ट नाहीत. त्यांना वर उत्तर द्यावं लागतं, आणि वरच्यांना रेकॉर्डिंग लागतं. पण एखाद्या माणसानं दुष्ट नसूनही किती अडवून धरावं?

"ठीक आहे," मी म्हटलं. "येत्या रविवारी शेवटची चर्चा आहे. तुम्ही स्वतः या. बघा कोण बोलतं आणि कोण नाही ते."

"काय करणार आहात?" त्यांनी घाबरून विचारलं.

"चर्चा," मी म्हटलं.

घरी येऊन मी ग्रुपवर सूचना टाकली. रविवारी कुणीही स्वतःचं म्हणणं मांडायचं नाही. प्रत्येकानं दुसऱ्या एकाला आधी फोन करायचा, त्याचं ऐकायचं, आणि चर्चेत ते त्याच्या नावानं सांगायचं. स्वतःचं बोलेल त्याचा माईक मी बंद करीन. विषय, घरातले निर्णय कोण घेतं. जांभूळच्या घरात बोलणं जसं चालतं तसंच त्या दिवशी सगळ्या वर्गाचं चालणार होतं. एका सुनेची रीत म्हणजे चर्चा नसेल, तर मग सगळ्यांचीच चर्चा बाद करा आणि अख्ख्या वर्गाला परीक्षेला बसू देऊ नका, असा माझा डाव होता. भाभींनी ग्रुपवर लिहिलं, "बिल्कुल बरोबर." मी 'लेकिन'ची वाट पाहिली, पण या वेळी त्या पुढे काहीच लिहीत नव्हत्या. आधी मला काळजीच वाटली.

रविवारी सर कॅमेरा लावून, केस विंचरून हजर. मी ऑपरेटरचं नाव घेतलं. गेटबाहेरून तो म्हणाला, "भाभींचं म्हणणं असं हाय, की दुकानात माल कुठला घ्यायचा ते त्या ठरवत्यात. पण सुरतेच्या व्यापाऱ्याला फोन त्यांचे मालक करत्यात. बाईमाणसाचा फोन गेला की भाव चढतोय."

मग भाभी म्हणाल्या, "भैया का म्हणणं ऐसा है, की गावी आई ठरवते आणि इकडे बायको ठरवते. त्यांना फक्त शिफ्ट कळते." ऑपरेटर लाजून हसला. मी इतकी खुसखुशीत चर्चा त्या वर्षात ऐकली नव्हती.

"मॅडम, हे काय चाललंय?" सरांनी मध्येच विचारलं. "आवाज एकाचा, मुद्दा दुसऱ्याचा. मी हजेरी कुणाची लावू?"

"मीही तुम्हाला आठवडाभर हेच विचारतेय," मी म्हटलं आणि काकांकडे वळले.

काका ताठ बसले. त्यांनी 'आमचं म्हणणं' असं म्हटलं नाही. घसा खाकरून म्हणाले, "सूनबाईचं म्हणणं असं, की आमचे घरात सगळे निर्णय सगळे मिळून घेतात. मोठ्यांचा मान राखून. आनंदानं."

 इतका गुळगुळीत मुद्दा त्या घरातून कधी आलाच नव्हता. सर समाधानानं मान हलवू लागले. मी पुढचं नाव घेणार, तोच काळ्या चौकोनावरच्या माईकची खूण हलली.

"बाबा, मी असं नाय बोलले."

 भाभींच्या दुकानात गिऱ्हाईक काहीतरी विचारत होतं, त्याला त्यांनी हातानं गप्प केलं. काका मोबाइलकडे बघत नव्हते, ते मागे वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते.

"हिनं मला असंच सांगितलं," ते म्हणाले.

मागून काकूंचा आवाज आला. "मी नाय हो. साखर तुम्ही घातलीत."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्या दाराकडेच बघत ते म्हणाले, "मग काय बोललीस? बोल तूच."

आणि ती बोलली. "मी बोलले, आमच्या घरात माझं ऐकतात, पण माझं म्हणून सांगत नाय. रस्त्याकडची जागा बिल्डरला द्यायची नाय, हे मी बोलले. आईंनी बाबांना सांगितलं, बाबांनी गावात सांगितलं. आता सगळा गाव बोलतो, बाबांनी डोकं लावलं. मला त्याचं वाईट नाय वाटत, जागा राहिली यातच सगळं आलं. पण कोण ठरवतं असं विचारताय, तर खरं सांगा. ते मी ठरवलं."

मला रडू आलं. कॅमेरा चालू होता आणि मी तो बंद केला नाही. काका दाराकडून पुन्हा मोबाइलकडे वळले. मग म्हणाले, "जागेचं तिनंच सांगितलं. बरोबर आहे तिचं."

"हां हां, बिल्कुल बरोबर," भाभी म्हणाल्या, आणि त्यांच्यापाशी 'लेकिन' नव्हतं.

सरांचा जीव भांड्यात पडला होता. "झालं ना मॅडम! आवाज आला. आजची हजेरी लावतो."

"आजची?" मी म्हटलं. "सर, आवाज आज आला. ती पहिल्या रविवारपासून आहे. हजेरी तेव्हापासूनची लावा, नाहीतर एका दिवसाच्या हजेरीवर ती परीक्षेला बसणार कशी?"

"मागचं कसं लावणार? मागच्या रेकॉर्डिंगमध्ये तर काकांचा आवाज आहे."

"माझी काढा मग," काका म्हणाले.

"काय काढू?" सरांनी विचारलं.

"माझी हजेरी काढा आणि तिच्या नावावर टाका," ते म्हणाले. "मुद्दे तिचेच होते, मी नुसते वाचल्यागत बोललो. मी पुढच्या वर्षी परत बसेन, मला काय धाड भरलीय. तिला नाय जमणार पुढच्या वर्षी."

स्वयंपाकघरातून हुंदका आला की काकूंनी नाक शिंकरलं, मला कळलं नाही. सरांची पंचाईत झाली. नियम त्यांच्या बाजूनं होता आणि वर्गात त्यांच्या बाजूनं कुणी नव्हतं. शेवटी त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

"दोघांची लावतो," ते म्हणाले. "पहिल्यापासूनची. पण मॅडम, हे बाहेर कुठे बोलू नका."

ती परीक्षेला बसली, पास झाली. काकाही झाले, तिच्याहून कमी मार्कांनी, आणि ते गावभर सांगत फिरले. बाहेर बोलू नका या सरांच्या बोलण्यावर मी त्या दिवशी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. माझं उत्तर त्यांना हे वाचून कळेल.